पहिला वाडगा

दियारबाकिर, १५ जून १९८३

माहसूम,

'प्रिय' लिहायचं विसरले नाही. मुद्दामच लिहिलं नाही.

तू जर्मनीतून पैसे भरून ठरवलेला सरबतवाला कालही आला, आजही आला. ऊन भिंतीवरून उतरलं की गल्लीच्या तोंडाशी पितळी वाडग्यांचा खणखणाट सुरू होतो आणि मग जुमा उस्ता त्या फाटक्या आवाजात ओरडतो, "रेमझी उस्ताच्या रूहसाठी, त्याच्या लेकाकडून, माहसूमकडून, सबील! या, तहानलेल्यांनो, या!" सगळी गल्ली बाहेर पडते. कळशा येतात, पातेली येतात, काल एकीनं तर लेकराची दुधाची बाटली पुढे केली. रोजा सोडायला ज्येष्ठमधाचं सरबत, तेही मेलेल्याच्या नावानं फुकट! आणि आपली शेजारीण पेरूझे हानिम माझ्याकडे तिरकं बघत, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते, "अल्ला असा मुलगा सगळ्यांना देवो. एवढ्या लांब राहून बापाला विसरला नाही!"

मला तिथंच ओकारी यायची राहिली.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते हेच. बाबा फेब्रुवारीत गेले. महिनाभर त्यांचं भांडं मी रिकामं करत होते, पाठ पुसत होते, रात्र रात्र त्यांचा खोकला ऐकत होते. तू तार पाठवलीस. सुट्टी मिळत नाही. दफनाला गल्लीतले सगळे होते, फक्त तू नव्हतास. आणि आता चार महिन्यांनी रमझान आला तर तुझ्या खिशातून बापाचं प्रेम उतू जायला लागलं. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी सबील हाकतोस.

आणि सबील तरी कशाची? ज्येष्ठमधाच्या सरबताची! माहसूम, तुला लाज कशी वाटली नाही? तुझ्या लग्नात बाबा, जन्मभर विकत फिरले ती सरबताची घागर पाठीवर बांधून आले होते, आठवतं? तुझ्या सासरच्यांना स्वतःच्या हातानं सरबत पाजायचं, हीच त्यांची भेट होती. तू सासऱ्याला सांगून ठेवलं होतंस की वडील ज्येष्ठमधाच्या मुळ्यांचे घाऊक व्यापारी आहेत. दारात बाबा घागर घेऊन उभे राहिले तसा तू धावत गेलास आणि हळूच म्हणालास, "बाबा, मागच्या दारानं या. ते स्वयंपाकघरात ठेवा." ते मागच्या दारानं गेले. रात्रभर स्वयंपाकघरात बसून वाडगे भरत राहिले आणि वाढपी ते बाहेर नेत राहिले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी एकदाही विचारलं नाही की माहसूमचं पत्र आलं का.

ज्या घागरीला तू मागच्या दारानं पाठवलंस, तसलीच आता भाड्यानं घेऊन भर रस्त्यात त्यांचं नाव ओरडायला लावतोस.

पहिल्या वाडग्याची रीत तुला माहीत आहे. रोजा सुटायची तोफ होईपर्यंत वाडगा हातात धरून थांबायचं, आणि तोफ झाली की पहिला घोट मेलेल्याच्या घरातल्या माणसानं घ्यायचा. घेतला की त्या घरानं देणाऱ्याला माफ केलं. नाकारला की केलं नाही. सगळी गल्ली साक्षीला असते. तू नेमकं हेच हेरलंस, नाही का? पत्र नको, माफी मागणं नको, तोंड दाखवणं नको. नुसते पैसे भरले की रोज संध्याकाळी माफी.

माझ्या हातात असतं तर पहिल्या दिवशीच वाडगा उंबऱ्यावर उपडा केला असता. पण आई माझ्या आधी पुढं झाली. दोन्ही हातांनी वाडगा धरला, डोळे मिटले आणि तळाला लागेपर्यंत प्यायली. घागरीत उरलेलं जुमा उस्ता कळशीत ओतून देतो, कारण सबील सांडायची नसते, आणि ते ती पहाटे सहरीला पिते. एवढा आनंद मी तिच्या तोंडावर तू गेल्यापासून पाहिला नव्हता. तोही मला किळसवाणाच वाटला, खरं सांगते.

त्या माणसाला बंद करायला सांग. भीक नको, पण कुत्रं आवर.

तुझी थोरली बहीण,
बेद्रिये

ता. क. उन्हानं आईचे पाय सुजलेत. चपलेचा पट्टा ढिला करून दिलाय.


दियारबाकिर, २५ जून

माहसूम,

तुझं पत्र मिळालं. सुवासिक कागद वापरतोस आता.

तू थोरल्या बहिणीला लिहितोस, "आब्ला, तुला हेवा वाटतो." होय रे बाबा, मला फार हेवा वाटतो. नवरा टाकून माहेरी आले, बापाचं मरण काढलं, आता आईचं म्हातारपण काढते. या सगळ्यात मला हेवा करायला फुरसत झाली नाही, पण तू म्हणतोस तर करीन कधीतरी.

पुढे लिहितोस की ज्येष्ठमध हे औषध आहे, आईच्या पोटातल्या जळजळीला बरं, बाबांनीच शिकवलं. हे मला सांगतोस? घसा बसलेले मुअज्जिन आपल्या अंगणात येऊन ओळीनं बसायचे, ते मी बघितलंय. मोटारतळावर ओरडणारी पोरं यायची. पोटात जखम झालेला तो कातडी कमावणारा यायचा, दोन घोटांनी त्याचं तोंड सैल व्हायचं. खोकल्याला काडी चघळायची, तोंड आलं की चूळ भरायची, मूतखड्याला काढा. आणि रमझानात अख्खं शहर. बाबा सांगायचे, "ही मुळी अंगात पाणी धरून ठेवते. रात्री प्यालात तर दिवसा जीभ टाळूला चिकटत नाही." सगळं खरं आहे. गुण आहे मुळीत. मी कुठं नाही म्हणते?

पण तू पळून गेलास, मी त्यात वाढले. ओल्या मुळ्या हातोडीनं ठेचून ठेचून बाबांच्या हाताला पडलेले घट्टे, त्या ठेचलेल्या चोथ्याचा अंगणातला ढीग, त्यातून निघणारी वाफ, तो गोडूस कुबट वास. वाळत टाकलेल्या दुपट्ट्याला वास, केसांना वास, भाकरीला वास. दिवसभर गांधीलमाश्या. जमीन अशी चिकट की अनवाणी चाललं तर चटक चटक आवाज यायचा. शाळेत पोरी म्हणायच्या, "बेद्रिये आली, माश्या हाकला." आणि ती चव! आधी गोड, इतकी गोड की दात शिवशिवतात, आणि घोट खाली उतरला की मागून कडू काहीतरी वर येतं आणि घशाशी बसून राहतं. लग्न होऊन गेले तेव्हा शपथ घेतली होती की या वस्तूचा थेंब जिभेवर ठेवणार नाही. नवरा सुटला, शपथ नाही सुटली.

असो. आईबद्दल लिहायचं होतं.

पायांची सूज वर चढलीये. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. डोकं दुखतं म्हणते. परवा चहाची किटली उचलायला गेली आणि हातातून निसटली. म्हणाली, "हात माझे नाहीतच असं वाटलं." मग मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. इझमिरचा डॉक्टर आहे, कोवळा, नव्यानंच इकडे आलेला. रक्तदाब बघितला आणि त्याच्या भुवया कपाळाला लागल्या.

"मावशी, काही औषध घेता का? झाडपाला, काढा, काही?"

"नाही रे बाळा. अल्लाच्या कृपेनं मी कधी औषध घेतलं नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. नाही, काही नाही.

मीठ बंद केलंय आणि लघवी व्हायच्या गोळ्या दिल्यात, सूज उतरायला. रोजे धरू नका म्हणाला. आई त्याच्यासमोर हो हो म्हणाली आणि टॅक्सीत बसल्यावर मला म्हणाली, "पोरगं गोड आहे, पण त्याला काय कळतंय. रोजा नाही धरला तर पहिला वाडगा कुठल्या तोंडानं घेऊ?"

तुझ्या सबीलचं वेड तिच्या डोक्यात गेलंय. कधी एकदा ऊन उतरतं याची वाट बघत बसते, नवरीसारखी. मला तिच्याकडे बघवत नाही.

बेद्रिये


दियारबाकिर, २ जुलै

माहसूम,

तार मिळाली असेलच. आता नीट लिहिते, कारण मला तुला हे सगळं वाचायला लावायचंय.

मंगळवारी आई इफ्तारच्या चटईवरून उठायला गेली आणि उठलीच नाही. पायच नव्हते तिला. हात उचलायला सांगितला तर बोटं नुसती हलली. छातीवर कान ठेवला तर आत ठोका चुकत होता, थांबत होता, मग दोनदा घाईनं पडत होता. हमीद किराण्यावाल्याच्या टेम्पोत घालून नेलं.

दवाखान्यात आणखी एक रात्र आणि एक दिवस गेला. डॉक्टर म्हणे रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलंय, का ते कळत नाही. सलाईन लावलं. पुन्हा विचारलं, काय खाता, काय पिता? आम्ही पुन्हा तेच सांगितलं. भात, दही, कलिंगड. मी खोटं बोलत नव्हते, माहसूम. सबील म्हणजे काही खाणं नव्हे, औषध तर नव्हेच. सबील म्हणजे सबील. बांगेचा आवाज ऐकला, हे कुणी डॉक्टरला सांगतं का?

मग संध्याकाळी पेरूझे हानिम आली. कळशी घेऊन! "हेदिये हानिम, तुमचा वाटा. तुमच्या लेकाची सबील तुमच्याशिवाय कशी गिळवेल आम्हाला?" खोलीतल्या सगळ्या खाटांना वाडगा फिरला. कुणी नाही म्हटलं नाही, सबीलला नाही म्हणतच नाहीत. डॉक्टर दारात आला तसा पेरूझेनं त्यालाही पुढे केला. तोफ झाली होती. त्यानं मोठा घोट घेतला आणि पुढच्या क्षणी तो सगळा खिडकीतून बाहेर थुंकला.

कुणाच्या तरी मेलेल्या बापाच्या नावाचं पाणी असं थुंकायचं? पेरूझेनं तोंडावर हात घेतला. आणि मला, देवाशपथ, त्या पोराची गळाभेट घ्यावीशी वाटली. या गावात माझ्यासारखा कुणीतरी निघाला!

"हे काय आहे?" तो तोंड पुसत म्हणाला.

"ज्येष्ठमध," मी म्हटलं.

मग आईच्या खाटेपाशी खाली बसला. "मावशी, हे तुम्ही किती पिता?"

"एक वाडगा," आई म्हणाली. मग त्याचं तोंड बघून हळूच म्हणाली, "आणि सहरीला कळशीतलं."

"रोज?"

"रोजच. माझा मुलगा पाठवतो जर्मनीहून." असं म्हणताना, अंगात हात उचलायची ताकद नाही आणि मान केवढी वर!

बाहेर बोलावून त्यानं मला सांगितलं. तो रागावला नव्हता, उलट स्वतःवरच चरफडत होता. थोड्या दिवसांपुरतं, थोडं थोडं घेतलं तर हे औषधच आहे, म्हणाला, पोटाच्या जखमेवर देतातही. पण रोज, एवढं, आणि म्हाताऱ्या माणसाला? मुळी अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर ढकलते. म्हणून सूज, म्हणून रक्तदाब, म्हणून हातपाय गेले. वर त्याच्याच गोळ्यांनीही पोटॅशियम बाहेर काढलं, म्हणाला. आता पुढची पाळी हृदयाची.

अंगात पाणी धरून ठेवते. बाबा जे कौतुकानं सांगायचे तेच शब्द.

"बंद केलं तर महिन्याभरात मावशी पूर्ण बऱ्या होतील. जर्दाळू खायला घाला, भरपूर. पण परत प्यायल्या, तर मी काही सांगू शकत नाही."

मी आईला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ईद झाली की बंद करते."

"आई, ईदपर्यंत तू राहशील की नाही तेच कळत नाहीये!"

"मग माहसूमचं काय? मी नाही घेतला तर त्याचं सगळं वाया जाईल."

"ओठ लाव नुसते आणि खाली ठेव."

"अर्धी माफी?" ती म्हणाली. "अर्धी माफी ही काय वस्तू असते, बेद्रिये?"

तर ऐक. तुझ्या पुण्य कमवायच्या खटाटोपात आई मरतेय. माझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. सबील ज्यानं बोलली त्यानंच थांबवावी लागते. जुमा उस्ताला तार कर. दोन शब्द पुरे.

बेद्रिये


दियारबाकिर, ६ जुलै

माहसूम,

तुझी तार आली. "सबील अर्ध्यात तोडता येत नाही. बाबांची रूह तहानलेली राहील. आईला एकच घोट घ्यायला सांग."

मी ती दोनदा वाचली आणि चुलीत घातली. बाबांची रूह! जिवंत होते तेव्हा त्यांची तहान तुला दिसली नाही. इथं जिवंत बाईचं काळीज बंद पडायला आलंय आणि तुला मेलेल्याचा घसा कोरडा पडायची चिंता. की गल्ली काय म्हणेल याची? माहसूमची सबील मध्येच आटली, म्हणतील, पैसे संपले वाटतं! तुझा मला राग येत होता तेच बरं होतं. आता नुसती किळस येते, अन्नात केस निघाल्यासारखी.

काल आईला घरी सोडलं. धरून धरून चालते. जर्दाळू खाते, तोंड वाकडं करून.

मी आधीच जुमा उस्ताकडे गेले होते. म्हटलं, आमच्या गल्लीत येऊ नका. तो म्हणाला, "बेद्रिये, पोरी, ज्याची अमानत त्याच्या दारात नेली नाही तर मी चोर ठरेन."

"मग आईच्या वाडग्यात चिंचेचं पाणी घाला. रंग सारखाच दिसतो."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मशिदीत थुंकले. "तुझ्या बापानं मला मुळी ठेचायला शिकवली. त्याच्याच नावानं खोटं ओतू?" मग म्हणाला, "आणि तुझी आई ओळखणार नाही असं वाटतं तुला? वासावरून सांगायची ती, आज मुळी कोवळी आहे की जून."

आज संध्याकाळी मी दाराला आतून कडी घातली. खाटेवर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. वाटलं, झोपलीये. खणखणाट आला. "रेमझी उस्ताच्या रूहसाठी, त्याच्या लेकाकडून..." बघते तर आई उठून बसलेली, भिंतीला धरत धरत दाराशी निघालेली.

"कडी काढ."

"नाही काढणार."

"बेद्रिये, कडी काढ. बाहेर माणसं उभी आहेत."

"मरशील तू!"

"मरेन तेव्हा मरेन. आधी तो सुटू दे." ती दाराला टेकून धापा टाकत होती. "तुझे बाबा त्याला माफ न करता गेले. मीही तशीच गेले तर त्याला या जगात माफ करायला कोण उरलं? तू? तू तर त्याचं नाव घेतलं तरी थुंकतेस."

खरं होतं.

तिच्या हातानं कडी काढायची ताकद नव्हती, ती नुसती बोटं लावून उभी होती. बाहेर जुमा उस्तानं दुसरी आरोळी दिली, मग तिसरी. गल्लीत कुजबुज सुरू झाली. पेरूझेचा आवाज आला, "आज घेणार नाहीत की काय?" आणि हे ऐकून आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मुकाट. ती रडतेय हे तिलाही कळत नसावं.

मी कडी काढली. तिला बाजूला केलं आणि उंबऱ्यात मी उभी राहिले. हात पुढे केले.

जुमा उस्ता कमरेत वाकला, खांद्यावरून धार पडली, वाडगा भरला. तपकिरी, वर फेस. तोच वास. अंगण, चोथा, माश्या, सगळं एका श्वासात नाकात गेलं. गल्लीत सगळे माझ्याकडे बघत होते, पेरूझे हानिमचं तोंड उघडंच. घरातलं माणूस मीही आहेच ना! पहिला वाडगा आईनंच घ्यावा असं कुठं लिहिलंय?

तोफ झाली. मी प्यायले.

अर्ध्यावर थांबले. आणखी गेलं असतं तर उलटी झाली असती. वाडगा परत करायला वळले, तर मागून आईचा आवाज.

"तळाशी राहिलंय."

"आई, पुरे."

"सगळं पी. त्याला अर्धी नको."

माहसूम, मी सगळं प्यायले. गल्लीत कुणीतरी "अल्ला कबूल करो" म्हटलं आणि पेरूझे हानिमनं तर डोळ्यांना दुपट्टाच लावला. उद्यापर्यंत शहरभर होईल की बेद्रियेनं भावाला माफ केलं. मी आत येऊन मोरीत किती वेळ चुळा भरत होते.

माफ केलेलं नाही. आईच्या जिवासाठी प्यायले. हे कागदावर लिहून ठेवते, उगाच गैरसमज नको.

बेद्रिये


दियारबाकिर, ११ जुलै, ईदच्या आदल्या दिवशी

माहसूम,

काल हमीदच्या दुकानात तुझा फोन आला. मी पिठाचे हात घेऊन धावत गेले. वाटलं, जुमा उस्ताला काही सांगायचं असेल, नाहीतर आईला. तर तू म्हणालास, "आब्ला, पहिला वाडगा कोण घेतं आता?"

"मी."

"तू? तुला तर वासही सहन होत नाही."

"नाही होत."

मग तू गप्प. इतक्या लांबच्या फोनवर गप्प बसायचे पैसे पडतात, पण तुझ्याकडे आहेत म्हणा. तू नाक ओढत होतास. हमीद तराजू पुसायचं सोंग करत कान देऊन ऐकत होता. रडत होतास तर रड, पण मला त्याचंही फारसं काही वाटलं नाही. लहानपणीही पाटी फुटली की आधी रडायचास, म्हणजे मार मला बसायचा.

मग तू विचारलंस, "मी येऊ का?" आणि लाईन तुटली. की तू तोडलीस, माहीत नाही. उत्तर पत्रानं देते.

आधी आईचं. नडगीवरचा खळगा आता भरतो. रक्तदाब उतरलाय, परवा तिनं किटली स्वतः उचलली आणि मला दाखवायला परत परत उचलली. डॉक्टर खूश आहे. पेरूझेनं त्याला सांगून टाकलं की सबील थुंकल्याबद्दल त्यानं बकरा कापायला हवा. तो म्हणाला, पगार झाला की बघू.

आज शेवटची सबील होती. मी उंबऱ्यात, आई माझ्यामागे खुर्चीवर. रोज मी प्यायले की ती वाडगा मागून घेते आणि उपडा करून बघते, पोराला गोळी गिळायला लावल्यावर जीभ बघतात तशी. आजही बघितला. थेंब पडला नाही.

"सगळे दिवस पूर्ण प्यालीस," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी प्याले. त्याच्यासाठी नाही."

"माहितीये मला." तिनं वाडगा दुपट्ट्यानं पुसला. "पण वाडग्याला कुठं कळतं, कुणासाठी प्यालीस ते."

मला तिचा इतका राग आला की मी मोरीत निघून गेले. चुळा भरल्या. ती कडू चव काही जात नाही. आत्ता लिहितानाही घशाशी बसलीये.

तर, येऊ का विचारलंस. ये. उद्या काही जमायचं नाही, पण बाबांच्या बरसीला फेब्रुवारीत ये. सुट्टी नाही म्हणू नकोस. आईसाठी गोळ्या, चॉकलेट, घड्याळं असलं काही आणू नकोस. मोकळ्या हातानं ये.

बाबांची घागर स्वयंपाकघरात आहे, तुझ्या लग्नात ठेवायला लावलीस तशीच एका कोपऱ्यात. मी तिला चिंच लावून घासायला घेतलीये. आल्यावर ती तुझ्या पाठीवर बांधायची. जुमा उस्ता भरून देईल, वाकून धार कशी सोडायची तेही शिकवील. मग मागच्या दारानं बाहेर पड, गल्लीला वळसा घाल आणि पुढच्या दारात ये, सगळ्यांच्या समोर. बाबांचं नाव तुझ्या तोंडानं पुकार. जुमा उस्ताच्या नाही, तुझ्या. हेदिये हानिमच्या, आपल्या आईच्या, कानाला नीट ऐकू जाईल असं.

पहिला वाडगा मी घेईन. आईला मी त्याला हात लावू देणार नाही. त्या दिवशी तो पिईन की उंबऱ्यावर उपडा करीन, हे मला आत्ता माहीत नाही. पण तो तरी मी माझा म्हणून हातात घेईन.

तुझी आब्ला,
बेद्रिये